टाकीला लावलेला साबण

गळक्या पेट्रोलच्या टाकीला कपड्याचा साबण घासून तुम्ही कधी मागून आणलेली गाडी परत केली आहे का — मालकाला काही न सांगता?

मी केली आहे. चार वर्षं झाली. हे मी आज सकाळपर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं — आईला नाही, माझ्यासोबत पत्रकं वाटणाऱ्या मित्रांनाही नाही.

गाडी दौंडच्या मामांची. जुनी, कार्ब्युरेटरवाली चारचाकी. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं घेतलेली. शिरूरकडच्या कारखान्यांच्या गेटवर कामगारांच्या सुरक्षेची पत्रकं वाटायला मी ती एक दिवस नेली. पत्रक मीच लिहिलं होतं. मथळा ठळक — ‘धोका लपवणारा गुन्हेगारच!’

परत येताना घाईत कच्च्या रस्त्यानं निघालो आणि गाडी खालून दगडावर आपटली. वाकून बघितलं — टाकीला बारीक चीर, पेट्रोल थेंब थेंब गळत होतं. काय करायचं ते मला ठाऊक होतं. मामांची गाडी वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या दत्तू मिस्त्रीनंच ते मला कधीतरी शिकवलं होतं. ‘वाटंत टाकी गळाली तर साबण घासायचा, भाऊ. पर फकस्त घरापत्तूर हां. घरी गेलं की आधी सांगायचं.’

साबण मी घासला. सांगितलं मात्र नाही.

का? मामांच्या नजरेत मी फार सरळ मुलगा होतो — ती नजर मला हवी होती, एवढंच. टाकी मागच्या सीटखाली असते. पुढचा आठवडाभर मामी नातीला मांडीवर घेऊन त्याच सीटवर बसत होत्या. मला हे माहीत नव्हतं का? होतं.

मग वास यायला लागला. मामांनी दत्तूला घरी बोलावलं. मीही अंगणात होतो. त्यानं आधी इंजिन पाहिलं. पंप कोरडा, रबरी पाइप कोरडा, क्लिपा घट्ट. मग तो गाडीखाली आडवा झाला, धुळीतल्या ओघळावर बोट फिरवत चिरेपर्यंत पोचला आणि नखावर पांढरा लगदा घेऊन बाहेर आला.

‘साबण हाय, मामा.’

‘व्हय, आन् लावला कुणी? मी? महिन्यापूर्वी सर्व्हिसिंगला गाडी तुझ्याकडंच व्हती की!’

दत्तूनं माझ्याकडं पाहिलं. ‘भाऊ, गेल्या आठवड्यात गाडी तुम्ही नेली व्हती. कुठं आपटली का?’

‘नाही,’ मी म्हणालो.

‘त्याला काय विचारतो? आमचं पोरगं खोटं बोलायचं न्हाई.’

दत्तूला कळलं होतं. त्यानं टाकी उतरवून नेली, पेट्रोल काढलं, आत वाफ राहू नये म्हणून पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतली, चीर झाळून बुजवली, पाणी भरून तपासली, वाळवली, आणून बसवली. ती टाकी आजतागायत गळलेली नाही. मामांनी मात्र गाडी पुन्हा त्याच्याकडं नेली नाही. त्यांच्या तोंडून गोष्ट पसरली आणि रेल्वे कॉलनीत त्याचं नाव पडलं — साबणवाला. गाड्यांची रांग लागायची त्या शेडमध्ये आता दोन-तीन मोटारसायकली दिसतात. परगावचा माणूससुद्धा विचारतो, ‘साबणवाल्याचं गॅरेज कुठंय?’ — आणि मी रस्ता दाखवतो. नाव दुरुस्त करत नाही.

त्यानंतरही मी पत्रकं लिहिली. सत्यावर लिहिली. लोकांनी वाचून शाबासकीसुद्धा दिली.

हा कागद आज सकाळी मामांच्या हातात दिला. दुसरी प्रत दत्तूच्या शेडवर घेऊन निघालोय. माफी मिळावी म्हणून नाही — ती द्यायची की नाही, हे त्याचं त्यानं ठरवावं.

तुम्ही एक करा. दौंडात तुमच्यासमोर कुणी त्याला साबणवाला म्हणालं, तर त्याला तिथंच थांबवा आणि सांगा — त्या मिस्त्रीचं नाव दत्तू आहे. साबण मी लावला होता.