तिसरं पेडल

तिला खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती. बाकी सगळ्या शहराला ती क्लचबाई. अठ्ठावीस वर्षं ती लोकांना मोटार शिकवत होती आणि शिकवताना तिचा एकच धोशा असे, क्लच हळू सोडा. कुणा वैतागलेल्या विद्यार्थ्यानं तिच्या फाटकावर खडूनं ‘क्लचबाई’ लिहून ठेवलं, तेव्हा तिनं ते पुसलं नाही. रंगाऱ्याला बोलावून तीच अक्षरं नीट रंगवून घेतली. चिडवणाऱ्याच्या हातात काठी ठेवायचीच नाही, असा तिचा खाक्या.

हे वळण दादाचं. तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, लहानपणी पोलिओनं डावा पाय वाळलेला. मोटार चालवणं तुझ्या नशिबात नाही, असं त्याला शाळेपासून जो तो सांगत आला. दादानं वाद घातला नाही. नोकरी लागल्यावर शोधून शोधून एक गाडी आणली. लांबलचक, फिक्या हिरव्या रंगाची, गोल दिव्यांची, आणि मुख्य म्हणजे आपोआप गिअर बदलणारी. क्लच नाही, दोनच पेडलं. डाव्या पायाला कामच नाही. परवान्याच्या खिडकीवरचा कारकून त्याच्या पायाकडे टक लावून बघायला लागला, तेव्हा दादा म्हणाला, “साहेब, पाय नका बघू, गाडी बघा.” पुढची चौतीस वर्षं त्यानं ती एका पायावर चालवली.

क्लचबाईला मात्र ती गाडी कधी मानवली नाही. स्टिअरिंगवर बसली की तिचा डावा पाय सवयीनं क्लच शोधायचा, सापडायचा तो रुंद ब्रेक, आणि शेजारी बसलेला दादा काचेवर आपटता आपटता वाचायचा. तू आपल्या शिकवणीच्या खटाऱ्यातच बरी, असं म्हणून तो तिला उठवायचा.

दादा गेला, हृदय बंद पडून, दुपारच्या झोपेत. आठ महिन्यांनी भाच्यानं, म्हणजे दादाच्या मुलानं, गाडी बाहेर काढली तर चौकात इंजिन नुसतंच गुरगुरलं आणि गाडी जागची हलेना. गिअरबॉक्समधलं तेल काळं पडलेलं, जळका वास मारणारं. तीन गॅरेजवाल्यांनी हात वर केले. असले सुटे भाग आता मिळत नाहीत, आणि दुरुस्त करणारे हातही उरले नाहीत.

मग जुन्या गाड्यांच्या क्लबचे अध्यक्ष दादाच्या घरी आले. माणूस वाईट नव्हता, पण शहाणपणाचा मक्ता आपल्याकडेच आहे असं त्यांना वाटे. गाडी आहे तशी जपायला हवी, ते म्हणाले. ते ती आपल्या शेडमध्ये ठोकळ्यांवर चढवून ठेवणार होते, शेजारी दादाच्या नावाची पितळी पाटी लावणार होते. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. अंगण मोकळं होणार म्हणून भाचा खूश. सगळं ठरल्यातच जमा होतं, तेवढ्यात क्लचबाईनं चहाचा कप खाली ठेवला.

“चालणार का ती?”

“आता तिला चालायची गरज काय, बाई?” अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले.

इथेच गाडं बिनसलं. चौतीस वर्षं एका पायावर धावलेल्या गाडीला कुणी खुर्चीत बसवून पांघरूण घालावं, तसं तिला वाटलं. ती शांतपणे म्हणाली की ही गाडी कुठेही जाणार नाही. याच इंजिनाची सामानाची व्हॅन पूर्वी निघत असे, तिला हातानं टाकायचे चार गिअर होते. तो गिअरबॉक्स हिला बसवायचा आणि गाडी रस्त्यावर आणायची. अध्यक्षांचा चेहरा असा झाला, जणू कुणी आजोबांच्या फोटोला मिश्या काढायला निघालं आहे. गाडीचं मूळपण जाईल, क्लबच्या यादीतून ती कायमची बाद होईल, असं त्यांनी बजावलं. मग यादी सुटसुटीत होईल, असं क्लचबाईनं सुनावलं.

ते गेल्यावर वहिनी स्वयंपाकघरात गेली. क्लचबाई मागोमाग गेली, तेव्हा वहिनी मागे वळून न बघता म्हणाली, “वन्सं, ती गाडी यांच्या पायासाठी आणलेली. तुम्ही तिसरं पेडल बसवलंत, तर ती यांना चालवता न येणारी गाडी होईल.”

क्लचबाई ओट्याला टेकली.

“दादाला आता कुठलीच गाडी चालवता येणार नाही, वहिनी,” ती म्हणाली. “मला येते. ठोकळ्यांवर ती मला बघवणार नाही.”

वहिनीनं खुंटीवरची किल्ली काढून ओट्यावर ठेवली. “न्या. पण मला दाखवायला आणू नका.”

दोन गल्ल्या पलीकडच्या मिस्त्रीला उभ्या जन्मात असं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. लोक हातानं गिअर टाकायचा कंटाळा आला म्हणून आपोआपवाली गाडी घेतात, तुमचं सगळंच उफराटं, असं म्हणत तो हसला आणि दुसऱ्याच दिवशी कामाला लागला. व्हॅन भंगारवाल्याकडे सापडली. त्यानं तिच्यात कांदे साठवले होते. तिच्यातून गिअरबॉक्स, इंजिनामागचं जड चाक, क्लच आणि पेडलं निघाली. सगळ्याला कांद्याचा वास.

वाटलं होतं त्याहून काम चिवट निघालं. नव्या गिअरबॉक्सचा दांडा इंजिनाच्या मागच्या भोकात टेकायला हवा होता, पण आपोआप गिअरच्या इंजिनात ते भोक भलत्याच मापाचं. लेथवाल्यानं त्या भोकात बसणारी पितळेची बुश दोनदा कातली, दोन्ही वेळा ढिली झाली, तिसऱ्यांदा बसली. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा बोटभर लांब करावा लागला. गिअरची दांडी वर यावी म्हणून मधला पत्रा कापावा लागला. त्या वेळी क्लचबाई बाहेर जाऊन उभी राहिली. जुन्या गाडीत गिअर मोकळा असल्याशिवाय स्टार्टर फिरायचा नाही, त्याचा खटका आता निरुपयोगी झाला, म्हणून मिस्त्रीनं दोन तारा सरळ जोडून टाकल्या.

क्लचला जागा करायला रुंद ब्रेक काढावा लागला. त्याचं रबर उजव्या कडेला पार झिजलेलं होतं, दादाच्या बुटानं. क्लचबाईनं ते पेडल कागदात गुंडाळून वहिनीला नेऊन दिलं. वहिनीनं कागद उघडला, रबरावरून अंगठा फिरवला आणि पेडल कपाटात ठेवून दिलं.

गाडी चालायला लागली. दुसरा गिअर अडायचा, पण चालायला लागली. महिन्याभरानं क्लबचा वार्षिक मेळावा आला आणि क्लचबाई आमंत्रण नसताना निघाली. मैदानाच्या अलीकडच्या चढावर, सिग्नलला, तिनं क्लच दाबला आणि पेडल पायाखालून थेट जमिनीला टेकलं. ज्या पत्र्याला ते लटकवलं होतं तो कधी क्लचचा जोर सोसायला बनलाच नव्हता. तो फाटला, आणि गाडी गचका खाऊन बंद पडली.

मागून हॉर्न सुरू झाले. एकानं डोकं बाहेर काढून दोरी हवी का विचारलं. तिनं नको म्हटलं. सिग्नल हिरवा झाला. तिनं पहिला गिअर टाकून ठेवलेलाच होता. तिनं तशीच किल्ली फिरवली. स्टार्टरनंच गाडी ढकलली, गचका बसला, इंजिन पेटलं आणि गाडी चढाला लागली. मिस्त्रीनं तारा जोडल्या नसत्या तर हे झालं नसतं. पुढचे गिअर तिनं कानानं टाकले. पाय उचलायचा, इंजिनाचा आवाज उतरू द्यायचा, नेमक्या क्षणी दांडी सरकवायची. विद्यार्थ्यांना हे ती कधी शिकवत नसे, शिकवलं तर सगळेच करून बघतील म्हणून.

मैदानाच्या फाटकाशी अध्यक्ष उभेच होते. पत्र्यातून वर आलेली दांडी त्यांनी खिडकीतून बघितली आणि नियमाप्रमाणे आत घेता येणार नाही म्हणाले. मग खाली लोंबणारं पेडल बघून त्यांचा सूर बदलला. क्रेन बोलावतो, ते म्हणाले, अशी कशी जाणार घरी.

“आले तशी,” क्लचबाई म्हणाली. “बाजूला व्हा, मला थांबवता येतं, पण परत निघताना गचका बसतो.”

अध्यक्ष बाजूला झाले. गाडी गचका देऊन वळली आणि उताराला लागली.

तिला ठाऊक नव्हतं, पण भाचा गर्दीत होता. ज्या लोकांना गाडी द्यायची होती ते काय म्हणतात, हे बघायला तो गुपचूप आला होता. घरी जाऊन त्यानं आईला सगळं सांगितलं. मिस्त्रीनं पत्र्यामागे जाड पट्टी वेल्ड करून दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी स्वतःहून गॅरेजात आली. गाडीभोवती एक फेरी मारली. मागचं दार उघडून बसली आणि म्हणाली, “डोळ्यांच्या डॉक्टरकडे सोडा. आणि सावकाश.”

यादीतून बाद झालेल्या गाडीचं काय करायचं, हे क्लचबाईनं तोपर्यंत ठरवलं होतं. तिनं पुढे-मागे शिकाऊची लाल पाटी लावली. खटारा भंगारात गेला. त्या चकचकीत हिरव्या गाडीत आता दवाखान्यातल्या परिचारिका, दोन नव्या सुना आणि पासष्ट वर्षांचा एक सुतार गिअर टाकायला शिकतात. बंपरला एक ओरखडा आला आहे, सुताराचा. अध्यक्षांचा फोन आला, निदान ती पाटी तरी काढा, बघवत नाही. सगळे शिकून झाले की काढते, असं तिनं सांगितलं.

दुसरा गिअर अजून अडतो. वहिनी दर गुरुवारी मागच्या सीटवर बसते. पुढे बसता का, असं क्लचबाईनं एकदा विचारलं होतं, वहिनी नको म्हणाली, आणि क्लचबाईनं पुन्हा विचारलं नाही.