शेवटचा सूर

दुपारी जेवून आडवी होते. डोळे मिटतात, तरी शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत राहतात. मग त्या थांबतात आणि आमच्या स्वयंपाकघरात हे उभे दिसतात. माझा नवरा. गेल्या वर्षी गेला. सदरा इस्त्रीचा, भांग सरळ.

"डबे मागेपुढे झालेत," मी आपणहून सांगते. "लावून घ्या."

"राहू देत," हे म्हणतात.

जन्मभर या माणसाने डबे एका रेषेत लावले, माझ्या पोळ्यांच्या कडा तपासल्या. मी मटकन खाली बसते, ती मंगल कार्यालयातल्या खुर्चीवर. धाकट्या दिराचा साखरपुडा चाललाय. माझं गाणं आत्ताच संपलंय, लोक टाळ्या वाजवताहेत. आता हे सगळ्यांदेखत म्हणतील, "शेवटचा सूर खाली लागला." तेव्हा म्हणाले होते. त्यानंतर मी गायलेच नाही. लेकीला झोपवतानासुद्धा नाही, नुसती थोपटत राहायची.

पण हे गप्पच.

"म्हणून टाका ना," मी म्हणते.

"शरयू, तिकडे सगळ्यांचे सूर बरोबर लागतात." हे खाली बघत बोलतात. "रोज तेच, तसंच. कुणी चुकत नाही, काही बदलत नाही. ऐकवत नाही गं आता. तू गा एकदा. तुझं लागायचं तसं."

"माझं कसं लागायचं?"

"दर वेळी वेगळं."

"हे तेव्हा कळत नव्हतं?"

"कळत होतं. सहन व्हायचं नाही."

खुर्च्या नाहीत, माणसं नाहीत. आमची गच्ची आहे आणि हे कठड्यापाशी परक्यासारखे उभे आहेत. मला दया यायला हवी. येत नाही.

"जन्मभर गप्प बसवलंत. आता तुम्हाला करमत नाही म्हणून गाऊ? नाही गाणार."

हे मान हलवतात. पुन्हा मागत नाहीत. मी पाठ फिरवून जिना उतरू लागते.

बेल वाजते आणि जाग येते. दारात समोरच्या फ्लॅटमधली शबाना.

"काकू, का थांबलात? किती छान गात होतात. मला माहीतच नव्हतं तुम्ही गाता ते."

शेवटचा सूर खाली लागला का, हेच विचारायला मी तोंड उघडते. आवाज फुटत नाही. घसा पार बसलाय.