घाट न चढलेलं इंजिन

नेमाण्णा मिस्त्रींना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा ते चालू इंजिनला लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवून, त्याची मूठ कानाशी धरून, डोळे मिटून उभे होते. मी बेळगावात डिप्लोमा करून, चोवीस वर्षांचा होऊन, प्रमाणपत्रांची फाईल घेऊन निपाणीला त्यांच्या गॅरेजात काम मागायला गेलो होतो. फाईलकडे त्यांनी पाहिलेही नाही. स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तिसऱ्या सिलिंडरात कायतर बोलतंय. ऐक बघू." मला काही म्हणजे काही कळले नाही. तरी मी मान डोलावली, "व्हय अण्णा, बोलतंय की!" अण्णा हसले. "उद्यापास्नं ये. पर ऐकू आलं न्हाय तर न्हाय म्हणायला शिक." तो धडा मी तेव्हाच गिरवला असता, तर अण्णांच्या अमृतमहोत्सवी अंकातला हा लेख पुष्कळ आखूड झाला असता.

निपाणी-चिकोडी भागात अण्णांनी बांधलेली इंजिने किती धावतात, हे मोजायच्या भानगडीत मी पडत नाही. अण्णांचे मोठेपण मोजणीत नाहीच. इंजिन खोलून पुन्हा बांधून झाले की इतर मिस्त्री किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात देतात आणि "पाचशे किलोमीटर जरा जपून" एवढे सांगून मोकळे होतात. अण्णा ते पाचशे किलोमीटर स्वतः चालवत. सकाळी सपाट रस्त्याने कोगनोळीपर्यंत, वेग कमीजास्त करत. मग परत फिरून तवंदीचा घाट. चढताना जोर द्यायचा, पण गाडी कण्हू द्यायची नाही. उतरताना गिअरमध्येच सोडायची. शेवटी ऑइल काढून पांढऱ्या फडक्यावर घ्यायचे आणि त्यात धातूचा कीस चमकतो का, ते उन्हात धरून निरखायचे. "बांधणं निम्मं काम. उरलेलं निम्मं रस्त्यावर," असे ते म्हणत. गिऱ्हाईक कन्नड बोलणारे असले तर हेच कन्नडमध्ये सांगत, तेही न कंटाळता.

एकदा एक बडे पुढारी घरच्या लग्नाच्या वरातीसाठी गाडी न्यायला आले. अजून दोनशे किलोमीटर बाकी होते. त्यांनी आवाज चढवला. दिवस मावळायला आला होता आणि अण्णा जेवत होते, कारण जैन घरातले असल्याने ते सूर्यास्तापूर्वीच जेवण उरकतात. त्यांनी शांतपणे किल्ली ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाले, "साहेब, बसा, भाकरी खावा. गाडी परवा." साहेब भाकरी खाऊन गेले. गाडी परवाच मिळाली. असला ताठ कणा मी आमच्या धंद्यात दुसरा पाहिला नाही, हे मी छाती पुढे काढून सांगतो.

आता मुख्य गोष्ट. वीस वर्षांपूर्वी शांताक्कांच्या व्हॅनचे इंजिन आम्ही बांधले. शांताक्का खेड्यातली मुले निपाणीच्या शाळेत पोहोचवतात, गाडी स्वतः चालवतात. नवरा गेल्यावर घर त्या व्हॅनवरच उभे होते. सोमवारी शाळा उघडणार होती. नेमके तेव्हाच अण्णांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी जावे लागले आणि गाडी फिरवण्याचे काम पहिल्यांदा माझ्याकडे आले.

मी त्या इंजिनचे नको इतके लाड केले. पूजेला म्हणून तासभर उभ्या उभ्या चालू ठेवले. मग कोगनोळीच्या सपाट रस्त्यावर ताशी तीसच्या पुढे काटा जाऊ दिला नाही. नव्या इंजिनला चढ कशाला दाखवायचा, म्हणून घाटाकडे फिरकलोच नाही. पिस्टनच्या नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर घासून बसायला जोर लागतो. तो न मिळाल्याने भिंत काचेसारखी गुळगुळीत झाली आणि गाडी ऑइल प्यायला लागली.

रविवारी अण्णा डोळ्याला हिरवी पट्टी बांधून आले. सायलेन्सरमधून निळा धूर येत होता.

"घाट चढलास?"

"व्हय अण्णा. दोनदा."

त्यांनी तळहात धुरापुढे धरला, त्यावरचा तेलकट डाग पाहिला आणि हात पुसला. एवढ्यात शांताक्का आल्या. अण्णा म्हणाले, "आक्का, माझंच काम कच्चं राहिलं. चार दिवस द्या. तवर माझी जीप न्या."

"अण्णा, पोरांच्या आईबापाला मी काय सांगू? तुमच्या भरवशावर बसलेली मी!" आक्का ताडताड बोलल्या आणि जीप घेऊन गेल्या. अण्णा मान खाली घालून ऐकत राहिले. मी शेजारी खांबासारखा उभा होतो.

इंजिन पुन्हा खोलले, भिंतीला नवी घासणी दिली, नव्या रिंगा घातल्या. मग अण्णांनी मला चालवायला बसवले आणि स्वतः शेजारी बसले. तवंदीच्या घाटात म्हणाले, "दाब अजून. पोराला कडेवरच घिऊन हिंडलास तर त्याच्या पायात बळ कवा येणार रं?" घाटमाथ्यावर मी गाडी थांबवली आणि रडत सगळे कबूल केले.

"म्हाईत हाय," अण्णा म्हणाले. "तू कवा सांगतोस, ते बघत हुतो."

मी म्हणालो, "आक्कांना जाऊन सांगतो."

"गप बस. माझं नाव तीस वर्षांचं हाय, एक वरखडा सोसंल. तुझं अजून बसायचंय."

पुढे मी बेळगावला खासबागेत स्वतःचे गॅरेज काढले. दारावरचे तोरण अण्णांनीच बांधले. आक्कांची व्हॅनही अण्णांकडेच येत राहिली, पण त्या इंजिनवरून त्यांचे टोचून बोलणे काही थांबले नाही. अण्णांच्या या अमृतमहोत्सवाच्या समितीत आक्का आहेत. गेल्या बैठकीत त्या म्हणाल्या, "अण्णांचं जन्मात एकच इंजिन फसलं, आन् ते नेमकं माझ्या नशिबी!" सगळे हसले. सर्वांत मोठ्याने अण्णा हसले. मला हसू आले नाही.

म्हणून आज, अण्णांनी घातलेली बंदी मोडून, छापील अक्षरांत लिहितो: शांताक्का, ते इंजिन अण्णांचे फसले नव्हते. ते मी बिघडवले, वर खोटे बोललो, आणि वीस वर्षे तुमचे बोल अण्णांना ऐकू दिले. पंचाहत्तर वर्षांत नेमाण्णा मिस्त्रींचे एकही इंजिन फसलेले नाही.

अण्णा, हे वाचून तुम्ही चिडाल. जरूर चिडा. खासबागेत या आणि माझ्या गिऱ्हाइकांदेखत मला फैलावर घ्या. त्यासाठी लागणारा खणखणीत आवाज आणि ठणठणीत तब्येत तुम्हाला शंभरीपर्यंत आणि त्यापुढेही लाभो. मी मान खाली घालून ऐकेन.