ओळीनंतरचा रिपोर्ट

पारस गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर एक आजी बाही वर करून बसल्या होत्या. जळगावातल्या पिंप्राळ्यात माझी रक्ततपासणीची छोटी लॅब आहे आणि सकाळी उपाशीपोटी आलेल्यांची तिथे गर्दी असते. फोनवर पारसचं नाव दिसत होतं, म्हणून मी तो वाजू दिला. त्याचा फोन म्हणजे निवांत घ्यायचा फोन. आजींचं रक्त काढलं, कापूस दाबून धरायला सांगितलं आणि मग फोन कानाला लावून म्हणालो, "बोल तेलवाल्या!" पलीकडे त्याचा मुलगा दर्शन होता. "काका... पप्पा गेले." दुकानाचं शटर वर करताना छातीत कळ आली, पायरीवर बसले, पाणी मागितलं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. एवढं त्याने कसंबसं सांगितलं. मला मात्र मी उच्चारलेला तो शब्दच ऐकू येत राहिला. बाप गेल्याचं सांगायला फोन करणाऱ्या पोराला मी तेलवाल्या म्हणालो होतो.

जळगावहून धुळ्याला जाताना मी रडलो नाही. रडणाऱ्याच्या मनात माणूस असतो, माझ्या मनात त्याची रोज रात्रीची गोळी होती. उठावण्याला, म्हणजे शोकसभेला, बाजारातले सगळे आले होते. पारसचा शेजारी दुकानदार माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट तर एकदम चांगला होता ना? तुमच्याच लॅबचा?" मी हो म्हणालो. "मग काय बोलणार. आयुष्यच तेवढं." मी मान हलवली. त्या मान हलवण्याचं ओझं घेऊन मी पुढचे काही आठवडे फिरत होतो, आणि आज हे लिहितो आहे तेही त्यासाठीच.

पारसची आणि माझी ओळख अमळनेरच्या कॉलेजातली. मी शेतकऱ्याचा, तो धुळ्याच्या मारवाडी तेलव्यापाऱ्याचा. घरी मारवाडी, वर्गात मराठी आणि माझ्याशी अहिराणी, अशा तिन्ही भाषांत तो सारखाच मोठ्याने बोलायचा. तो मला कधी नावाने हाक मारत नसे, पाटीलच म्हणायचा. आम्ही शेवटच्या वर्षाला असताना त्याचे वडील दुकानातच गेले. गिऱ्हाईकाला तेल मोजून देता देता मागच्या डब्यांवर कलले. पन्नाशीही गाठली नव्हती. पारस परीक्षा देऊन गेला तो थेट त्यांच्या गादीवर बसला. पुढे तो तेलातला जाणकार झाला. चार थेंब तळहातावर घेऊन चोळायचा, वास घ्यायचा आणि सांगायचा, यात सरकी मिसळली आहे. जिल्ह्यातल्या आचाऱ्यांचा त्याच्या नाकावर विश्वास होता.

काही वर्षांपूर्वी मीच त्याला बळेबळे खुर्चीत बसवून त्याचं रक्त घेतलं. वडील तसे गेले होते, त्याचं वयही त्यांच्या वयाकडे चाललं होतं. वाईट कोलेस्टेरॉल इतकं वर होतं की मी नमुना पुन्हा लावून पाहिला. डॉक्टरांनी सांगितलं, हे घराण्यातून आलेलं दिसतं, नुसत्या पथ्याने भागणार नाही, रोज रात्री एक गोळी, आणि ती कायमची. पारसला आजाराची भीती वाटली नाही, त्याला लाज वाटली. "तेलवालाच कोलेस्टेरॉलनी गोळी खास म्हटल्यावर गिऱ्हाईक काय खाई रे पाटील? बठ्ठा बजार हासी." सगळा बाजार हसेल, ही त्याची धास्ती. धुळ्यात ओळखीचा दुकानदार नको म्हणून गोळ्यांची पाकिटं तो जळगावातून न्यायचा, आणि घरी ती व्हिटॅमिनच्या डबीत ठेवायचा. त्याच्या बायकोला, सरलाभाभींना, माहीत होतं, मुलाला नव्हतं. गोळीने पोटऱ्या दुखतात, असं तो अधूनमधून म्हणायचा. डॉक्टरांना सांग, ते गोळी बदलून देतील, असं मी म्हणायचो. तो सांगायचा नाही. त्याला बदलून नको होती, बंद करून हवी होती.

आणि मग गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यातली ती भरीत पार्टी. मेहरूणच्या पुढे एका मित्राच्या मळ्यात तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती. मोठ्या पातेल्यात पारसने आणलेलं शेंगदाण्याचं तेल तापत होतं. मुसळाने ठेचलेल्या वांग्यांवर त्याने स्वतः फोडणी ओतली, पहिली पुरी मला दिली आणि शेजारी बसून तेच गाऱ्हाणं सुरू केलं. डॉक्टर ऐकत नाही, जन्मभर म्हणतो, काहीतरी तोड काढ. मी तोंडात घास असताना म्हणालो, "भाभींसोबत ओळीला बस. नऊ दिवस आयंबिल कर आणि पारणं करायच्या आधी माझ्याकडे ये. असा रिपोर्ट काढून देतो की तुझा डॉक्टर हात जोडेल."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जैन घरांत चैत्रात आणि आश्विनात नऊ दिवसांची ओळी असते. तेव्हा दिवसातून एकदाच जेवायचं, आणि त्यात तेल, तूप, दूध, दही, साखर, हिरवी भाजी काहीही नाही. नुसतं उकडलेलं धान्य, यालाच आयंबिल म्हणतात. सरलाभाभी लग्न झाल्यापासून प्रत्येक ओळीला बसायच्या. पारस कधीच बसला नव्हता. तो हसला, मीही हसलो, आणि पुन्हा भरीत वाढून घेतलं.

चैत्रात तो खरंच बसला. ओळी उतरायच्या दिवशी सकाळी धुळ्याहून निघून माझ्या दारात उभा राहिला. चेहरा उतरलेला, डोळे मात्र शाळकरी पोरासारखे. "काढ रगत!" मी काढलं. दुपारी रिपोर्ट आला आणि सगळे आकडे मर्यादेच्या आत होते. त्याने तो कागद लॅबमधल्या अनोळखी माणसांनाही दाखवला. "बठ्ठं नॉर्मल शे! एक बी लाल आकडा नही!" मला तेव्हाच ठाऊक होतं की हे आकडे त्याचे नव्हेत. हे त्या गोळीचे होते, कारण ती तो आदल्या रात्रीपर्यंत घेत होता, आणि वर त्या कोरड्या नऊ दिवसांचे होते. गोळी थांबली आणि जेवण पूर्ववत झालं की ते पुन्हा चढणार होते. हे सांगायला मला दोन वाक्यं पुरली असती. पण त्याचा आनंद, लॅबमधले हसणारे लोक, आणि माझी युक्ती जमल्याचा मलाच झालेला आनंद... मी फक्त म्हणालो, "डॉक्टरांना दाखव बरं का." तो म्हणाला, "दाखवतो."

त्याने दाखवला नाही. महिन्याभराने फोनवर बोलता बोलता म्हणाला, "गोळी बंद केली भो. पोटऱ्या एकदम मोकळ्या." मी म्हणालो, "बघ बुवा." माझ्या मित्राच्या जिवाबद्दल माझ्या तोंडून निघालेलं ते शेवटचं वाक्य. बघ बुवा. त्यानंतर आम्ही कितीदा बोललो, पाऊसपाणी, सरकीचा भाव, दर्शनसाठी बघितलेली स्थळं, पण तो विषय मी काढला नाही. काढला असता तर आधीचं गप्प राहणंही कबूल करावं लागलं असतं. वर्ष उलटायच्या आतच, फाल्गुनात, ते शटर वर करणं आलं. नंतर मी त्याच्या डॉक्टरांना विचारलं, गोळी चालू असती तर वाचला असता का? ते म्हणाले, एका माणसाबद्दल असं छातीठोक सांगता येत नाही, पण गोळी त्यासाठीच दिली होती. या उत्तराचं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

तरीही मी कदाचित गप्पच राहिलो असतो. पण दर्शनचा प्रश्न होता. आजोबा तसे गेले, बाप तसा गेला, पोरगा सत्तावीस वर्षांचा. मी त्याला फोन करून म्हणालो, एकदा येऊन रक्त देऊन जा. तो अगदी शांतपणे म्हणाला, "काका, पप्पांचाही रिपोर्ट नॉर्मलच होता ना. काय उपयोग झाला?" मी काहीतरी पुटपुटलो आणि फोन ठेवला. माझा तो कागद आता त्याच्या आड येत होता.

दुसऱ्या दिवशी मी लॅब बंद ठेवून एसटीने धुळ्याला गेलो. दुकानाच्या वरच त्यांचं घर. सरलाभाभींनी पाणी दिलं, दर्शन खालून वर आला. मी सुरुवात करणार तोच भाभी बोलायला लागल्या. "अनिलभाऊ, मागच्या चैत्रात ते ओळीला बसले ना, माझं मन तेवढ्यावरच तगून आहे. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी एकटीच बसायची. ते चिडवायचे, आज काय, कबुतराचं जेवण? आणि त्या वर्षी आपणहून म्हणाले, मलाही वाढ. नऊ दिवस समोरासमोर बसून जेवलो आम्ही. एक दिवस कुरकुर नाही. मला वाटलं, चला, धर्माला लागले... माझ्यासोबत लागले."

मी काय करायला आलो आहे हे मला त्या क्षणी नीट कळलं. या बाईजवळ उरलेली सगळ्यात चांगली गोष्ट मी तिच्या हातातून काढून घेणार होतो. मी पाण्याचा पेला रिकामा केला. मनात आलं, दर्शनला एकट्याला बाहेर नेऊन सांगावं. पण मग त्याने हे आईपासून जन्मभर लपवायचं? आणि पुन्हा एकदा मी सोपी वाट काढायची? मी सांगितलं. मळ्यातलं ते बोलणं, आयंबिलची युक्ती, गोळी चालू असतानाचे आकडे, माझं गप्प बसणं, बघ बुवा. भाभींकडे न बघता समोरच्या फरशीकडे बघत सगळं सांगितलं.

दर्शन उठून गॅलरीत गेला. भाभींनी माझा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे ते रिपोर्टसाठी बसले होते."

मी म्हणालो, "सुरुवात तरी..."

"राहू द्या. मला समजवू नका." त्यांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "एवढं ठाऊक होतं तर तेव्हा का नाही बोललात, भाऊ?" त्यांनी गॅलरीकडे बघून हाक मारली, "दर्शन, उद्या सकाळी काही खायचं नाही. जळगावला जायचं काकांकडे." माझ्याकडे न बघताच त्या आत गेल्या.

दर्शन आला. त्याचं रक्त मी काढलं नाही, माझ्या सहकारी मुलीला काढायला लावलं. आकडे बापावर गेले होते. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो, पण गोळी घेतो आणि रात्री मला मेसेज करतो, 'घेतली.' बाकी काही नाही. मी 'बरं' असं उत्तर देतो.

गेल्या आठवड्यात चैत्राची ओळी सुरू झाली तेव्हा मला राहवलं नाही. मी विचारलं, आई बसली का? बऱ्याच वेळाने उत्तर आलं, 'नाही बसली. पहिल्यांदाच.' तो मेसेज मी कितीतरी वेळा वाचला. भाभींचं व्रत पारसने मोडलं नाही, मी मोडलं.

आता सकाळी लॅबमध्ये कोणी बाही वर करून बसलं की मी आधी विचारतो. काही गोळ्या चालू आहेत का? कुठला उपास, व्रत, पथ्य? मग लगेच सांगतो, आकडे चांगले आले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही. लोक वैतागतात. परवा एक बाबा म्हणाले, "अरे पोरा, रगत काढाले बसेल शे का पंचायत कराले?" बाकीचे हसले. मीही हसलो. पण उत्तर मिळेपर्यंत सुई उचलली नाही. त्या थोड्या वेळात, माणूस आठवून आठवून सांगत असताना, समोरच्या खुर्चीत मला दर वेळी पारसच दिसतो, आणि त्याला सांगायचं राहिलेलं मी मनात सांगत असतो.