झोपलेल्या शिपायाचं कार्ड

शालिनीने राजीनामा माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाली, "बाई, आजच पुढे पाठवा."

मुलांनो, तेव्हा मी मुलुंडच्या एका औषधांच्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर होते. कामगारांच्या अडचणी ऐकायच्या आणि जमेल तिथे मार्ग काढायचा, हे माझं काम. राजीनामाही माझ्या सहीनेच मॅनेजरकडे जाई. एकदा गेला की परत येत नसे.

शालिनी पॅकिंगमध्ये चेकर होती. समोरच्या पट्ट्यावरून गोळ्यांच्या स्ट्रिप्स सरकत. एखादा कप्पा रिकामा दिसला की ती स्ट्रिप उचलून बाजूला काढायची. महिनाभर तिच्या नजरेतून रिकामे कप्पे सुटत होते. दोन मेमो झाले होते. तिसऱ्यानंतर चार्जशीट, म्हणजे रीतसर चौकशी. त्याआधी स्वतःच गेलेलं बरं, असा तिचा हिशेब. सहा वर्षं टेंपररी राहून ती नुकती परमनंट झाली होती. नवऱ्याची गिरणी बंद पडलेली.

मी तिला आधी दोनदा बोलावलं होतं. माझ्या फॉर्मवर प्रश्न होता, 'घरी काही अडचण?' दोन्ही वेळा ती म्हणाली, "सगळं बरं आहे." मी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं होतं.

त्या दिवशी टेबलावर एक कार्ड राहून गेलं होतं. बहिणीने मला लंडनहून टॅरोचा, म्हणजे भविष्य सांगायच्या चित्रपत्त्यांचा, डेक पाठवला होता. सकाळी रजिस्टर उघडण्यापूर्वी मी एक कार्ड काढून त्यावरचं चित्र बघत बसे. भविष्यासाठी नव्हे. चित्रात आपली नजर कुठे अडते, यावरून आज मन कुठे आहे ते कळे. कुणी हसू नये म्हणून डेक ड्रॉवरमध्ये, फायलींखाली असे.

"पत्ते खेळता बाई?" शालिनी म्हणाली.

"टॅरो आहे. एकेक चित्र असतं."

"म्हणजे स्टेशनबाहेरचा पोपटवाला. पोपट कुठाय?"

"आज तू पोपट." मी ड्रॉवरमधून डेक काढून तिच्यापुढे धरला. "काढ एक."

तिने काढलं. एक शिपाई छातीवर हात जोडून आडवा पडलेला. वर भिंतीवर तलवारी. मी कार्डांच्या अर्थाची पुस्तिका उघडली आणि मिटून ठेवली.

"काय दिसतं?"

"झोपलाय." ती बराच वेळ बघत राहिली. "तलवारी टांगून ठेवल्यात. ड्यूटी संपली असणार. आता याला कोणी हाक मारणार नाही ना?"

"तुला कोण हाक मारतं?"

मग ती बोलली. सासू अर्धांगाने अंथरुणात. कूस बदलायला रात्री चार-पाचदा उठवायची. नवरा कांजूरमार्गला वॉचमन, रात्रपाळीचा. सकाळी सातला हिची शिफ्ट. "बाई, पट्टा सरकायला लागला की मी उघड्या डोळ्यांनी झोपते."

राजीनामा ड्रॉवरमध्ये ठेवून मी तिच्या सुपरवायझरकडे, कदमांकडे गेले.

"मॅडम, पट्टा थांबत नाही. हिला झोपायला वेळ कुठून देऊ?"

प्रत्येक लाइनवर एक रिलिव्हर असे. ती प्रत्येकीच्या जागी दहा मिनिटं बसे, तेवढ्यात त्या बाईने चहा प्यायचा. मी शालिनीला विचारून लाइनवरच्या बायकांना अडचण सांगितली. सर्वांत जुन्या तारामावशी म्हणाल्या, "माझी धा मिनटां हिका द्या. चाय काय, जेवताना पिऊ." आणखी दोघींनी आपापली दिली.

कदम म्हणाले, "आठ दिवस. एक जरी स्ट्रिप सुटली तर मेमो लिहिणार."

त्या दिवसापासून शालिनी साडेदहाला रेस्ट रूमच्या खाटेवर, स्वतःची दहा धरून चाळीस मिनिटं झोपू लागली. पहिल्या दिवशी तारामावशींनी तिला हलवून उठवलं. "ऊठ गो, सासू नाय मी."

आठ दिवसांनी कदम एवढंच म्हणाले, "चालू ठेवा." तिसरा मेमो आलाच नाही. महिन्याभराने नवऱ्याला दिवसपाळी मिळाली आणि सासूसाठी उठण्याच्या पाळ्या वाटल्या गेल्या. शालिनीने राजीनामा माझ्यासमोर फाडला. ते कार्ड मात्र मागून नेलं आणि लॉकरच्या दाराला आतून चिकटवलं. माझा डेक तेव्हापासून एका कार्डाने कमी आहे.

'सगळं बरं आहे' हे उत्तर मी त्यानंतर कधी फॉर्मवर लिहून घेतलं नाही. तुम्हीही फोनवर मला तेच सांगता. म्हणून 'कसे आहात' असं न विचारता मी विचारते, तुमच्या खिडकीतून आज काय दिसतं?