मंदाची दाढ

थंडीच्या तोंडावर कोपरगावच्या बाजूने वारा सुटला, की कारखान्याच्या मळीचा आंबूस-गोड वास अंगणभर पसरायचा, आणि चुलत बहीण मंदा नि मी ओट्यावर बसून दातांनी ऊस सोलायचो... हनुवटीवरून रस ओघळायचा, कोपरं चिकट व्हायची, माश्या घोंगावायच्या. त्या गोडव्याच्या आड काहीतरी दबा धरून बसलं आहे, हे आम्हा सहा-सात वर्षांच्या पोरींना कुठून कळावं!

त्याच हंगामात शाळेत दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. आम्हा दोघींच्या तोंडात, अगदी मागे, नव्या दाढा उगवल्या होत्या. बाईंनी आमच्या आयांना बोलावून दाखवलं — या दाढांच्या माथ्यावरच्या खाचा इतक्या अरुंद, की ब्रशचा केसही आत शिरत नाही. गोड मात्र शिरतं, आणि तिथेच कुजतं. पातळ लेप देऊन त्या खाचा बुजवल्या, की कीड लागायचा धोका पुष्कळ कमी होतो. ना सुई, ना कोरणं.

मंदाची आई, माझी काकू, फिसकन हसली. "दुधाची दाढ हाय ती, पडायचीच की! तिला कशाला खिडकीच्या काचेवानी लुकन लावायचं?"

"दुधाची नाही हो, ही कायमची," बाई कळवळून म्हणाल्या. पण काकूचा तर्क सरळ होता : जुनी दाढ पडलीच नाही, तर ही पक्की कशी? आमच्याकडे सगळे असंच मानत. माझी आई फार शहाणी होती असंही नाही. तिला बाईंना नाही म्हणायची भीड पडली, एवढंच. माझ्या दाढांवर लेप बसला, बाईंच्या छोट्या दिव्याच्या निळ्या उजेडात घट्ट झाला. मंदा तशीच घरी गेली.

पुढल्या उन्हाळ्यात तिच्या खालच्या दाढेवर सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसला. मग तो पसरत गेला... काकू त्यात लवंग दाबायची आणि दाढ पडायची वाट पाहायची. दाढ पडली नाही. एका सकाळी मंदाचा गाल डोळ्यापर्यंत सुजला, अंग तापानं फणफणलं, आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी दाढ काढली — लांब मुळांची, आतून पोकळ, काळी. तिचा वास आठवला की मला अजून भीती वाटते.

दुधाचे दात टाकतात तशी काकूनं ती दाढ शेणाच्या गोळ्यात घालून पत्र्यावर भिरकावली — नवी लवकर यावी म्हणून. मंदानं खाली उभं राहून हात जोडले.

त्यानंतर ती रोज सकाळी माझ्यापुढे तोंड उघडायची. "बघ गं, आली का?"

मी वाकून पाहायची. नुसती गुलाबी, गुळगुळीत हिरडी. "न्हाई अजून."

"यील," ती म्हणायची.

आज मंदाला दोन मुलं आहेत. शेजारची दाढ त्या खळग्यात कलली आहे, वरची खाली उतरली आहे. ती एकाच बाजूनं जेवते. बोलता बोलता ती मध्येच थांबली, की तिचा गाल आतून किंचित हलतो... जीभ त्या जागी जाते, चाचपून परत येते.