फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात

गोखिवऱ्याच्या कारखान्यांत असं एकही गेट नव्हतं, ज्याने राऊतबाईंची सुकेळी खाल्ली नव्हती. गेटने म्हणजे गेटवरच्या वॉचमनने. पण बाईंची स्कूटी वळणावर दिसली की लोखंडी गेटंसुद्धा आपोआप उघडायची, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. हेल्मेटखालून डोकावणारं सोनचाफ्याचं फूल, पायाशी कापडी पिशवी आणि पिशवीत केळीच्या सुक्या पानांत बांधलेली सुकेळी. घरच्या वाडीतली राजेळी केळी सोलून, रोज उलटीपालटी करून उन्हात सुकवलेली. एक खाल्लं की माणूस दोन दिवस खोटं बोलू शकत नसे, इतकी गोड.

"मॅडम, पैकिंगवाला गाँव जा रहा है," यादव वॉचमन सुकेळं एका गालात सरकवत सांगायचा. "वापस नहीं आयेगा."

"सेठ को मालूम है?"

"सेठ को काय को मालूम होगा? मेरे को मालूम है."

बाई डायरीत लिहून घ्यायच्या आणि मागच्या सीटवर बसलेल्या पोराला सांगायच्या, "बातमी साहेबाकडे शेवटी पोचते. वॉचमनकडे आधी."

राऊतबाई आमच्या कॉलेजात प्लेसमेंट सेल सांभाळायच्या. कॉलेज माणिकपूरला आणि सेल जिन्याखाली. वरून तिसऱ्या वर्षाचा वर्ग उतरला की अख्खा अभ्यासक्रम आमच्या टाळक्यात कोसळायचा. बाई यायच्या आधी प्लेसमेंट म्हणजे वर्षातून एकदा हॉलमध्ये टेबलं मांडायची, मुंबईहून दोन टायवाले यायचे, फाडफाड इंग्रजी बोलणारी चार पोरं उचलून न्यायचे आणि उरलेल्यांना पेन वाटायचे. माझ्या एका चुलतभावाकडे अशी पेनं इतकी जमली की त्याने शेवटी पेनांचं दुकान टाकलं.

बाईंनी पहिल्याच वर्षी टेबलं आवरली. जिन्याखालच्या फळ्यावर शेवटच्या वर्षातल्या प्रत्येक पोराचं नाव खडूने लिहिलं आणि नियम केला. नोकरी लागली की ज्याचं त्याने येऊन आपलं नाव आपल्या हाताने पुसायचं, आणि त्यासाठी आधी कुठल्या तरी एका रिकाम्या जागेची बातमी द्यायची. बातमीशिवाय डस्टर हातात मिळत नसे. "पेढे नकोत," बाई म्हणायच्या, "माझ्याकडे सुकेळी आहेत. जागा सांग."

या एका नियमावर आमच्या कॉलेजची निम्मी पोरं कामाला लागली. एकजण नालासोपाऱ्याच्या दवाखान्यात चिकटला, त्याने औषधवाल्याकडची जागा सांगितली; तिथे गेलेल्या पोरीने शाळेतल्या क्लार्कची सांगितली. साखळी अशी लांबत गेली की मला वाटतं, अजून दोन वर्षं चालती तर दिल्लीपर्यंत गेली असती.

त्याच फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी वर, बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं: हे. रा. आम्हाला वाटायचं, चित्रकार चित्राखाली सही करतो तशी ही सही. मी एकदा विचारलंही.

"सही नाही ती," हेमलता राऊतबाई म्हणाल्या. "तीपण लायनीत आहे."

आम्ही खो खो हसलो. बाईपण हसल्या.

माझं नाव फळ्यावर सगळ्यात जास्त दिवस राहिलं. मी खाडीकाठच्या गावचा आगऱ्याचा पोर, दिसायला राजबिंडा, बोलायला त्याहून. पण मुलाखतीला गेलो की पाचव्या मिनिटाला बाहेर. शेवटी बाईंनी माझा बायोडाटा मागितला. वाचला आणि शांतपणे मधोमध फाडला.

"मेहनती, वक्तशीर, सर्वांना सांभाळून घेणारा. हे कोण म्हणतं?"

"मी."

"तू सोडून?"

मी कागदाचे तुकडे गोळा करू लागलो.

"काय आहेस ते नको. काय केलंयस ते लिही, भोईर."

मी बसल्या बसल्या लिहिलं: भर वादळात खाडीतून एकट्याने होडी काढली, वीस माणसं वाचवली. बाईंनी चष्मा वर केला. "किती माणसं?"

"दहा."

"किती?"

"एक. पण ते चांगले जाड होते."

बाईंनी सरळ माझ्या बापाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तिकडून आवाज आला, "कंचा वादल, बाय? यो होरीन निजलेला. पानी गुरघ्याएवरा होता, मीच उतरून होरी ढकलली."

जाड माणूस म्हणजे माझा बाप होता, हे त्या दिवशी सगळ्या सेलला कळलं. बाईंनी फोन ठेवला, पण हसल्या नाहीत. "लग्नाच्या दिवसांत काय करतोस?" त्यांनी विचारलं. मी पडेल आवाजात सांगितलं की मंडपवाल्याकडे जातो. गावात भांडी जातात, कुठल्या घरात किती पातेली, किती पराती गेल्या ते ध्यानात ठेवून लग्न उरकल्यावर परत आणतो. शंभर गेली तर एकशे एक येतात.

"एकशे एक?"

"एक चुकून जास्तीचं येतं."

"हे लिही," बाई म्हणाल्या. "शंभरच लिही."

त्याच आठवड्यात यादवच्या गेटमागच्या कारखान्यात स्टोअरमधला माणूस सोडून गेला. कारखाना कुकरच्या शिट्ट्यांचा. शेठने माझा कागद वाचला, मला एका खोलीत नेऊन पाच मिनिटं उभं केलं आणि बाहेर आणून विचारलं, कुठल्या कप्प्यात काय होतं? मी सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी जे होतं तेवढंच सांगितलं आणि त्याचा मला पगार मिळाला! फळ्यावरचं नाव पुसायला गेलो तेव्हा बाईंनी डस्टर मागे धरलं. "जागा?" मी शेजारच्या कारखान्यातली सांगितली, तेव्हा कुठे सोडलं.

पुढे मी स्टोअरचा प्रमुख झालो. बाईंच्या पिशवीतून आलेली पोरं एकेक करत आमच्या शेडमध्ये भरत गेली. दर महिन्याला सुकेळी येत होती. मग एका जून महिन्यात आली नाहीत. जुलैतही नाहीत. एका सकाळी यादवने मला गेटवर अडवलं.

"भोईरसाब, मॅडम का छुट्टी हो गया."

"कसली सुट्टी?"

"कॉलेज से. अब कंप्यूटर नौकरी देगा बोलते हैं."

बातमी वॉचमनकडे आधी पोचली होती. बाई कॉलेजात कधी कायम नव्हत्याच. दरवर्षी अकरा महिन्यांची नेमणूक, दर जूनला नवा कागद. यंदा कॉलेजने एक पोर्टल विकत घेतलं आणि बाईंचा कागद काढलाच नाही. ती कोपऱ्यातली अक्षरं मला तेव्हा कळली. आम्हा सगळ्यांची नावं पुसून घेणारी बाई इतकी वर्षं त्याच फळ्यावर स्वतःच्या पक्क्या नोकरीची वाट बघत होती, आणि आम्ही हसलो होतो.

त्याच दुपारी वाडीवर गेलो. पावसाच्या उघडिपीत बाई अंगणात केळी पालथी करत होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, वाडीचे वाटे पडलेले, मुलीच्या नर्सिंगचं शेवटचं वर्ष बाकी. यातलं बाईंनी काही सांगितलं नाही. ते शेजारणीने कुंपणावरून ओरडून सांगितलं.

"बायोडाटा दाखवा," मी म्हटलं.

बाईंनी आत जाऊन कागद आणला. पहिलीच ओळ होती: मेहनती, वक्तशीर. मी तो मधोमध फाडला.

"काय केलंय ते लिहा, बाई."

बाईंनी पुढचं केळं पालथं केलं. "मी काय केलं, भोईर? केलं ते पोरांनी."

शेवटी मीच लिहिला. बाई जुन्या डायऱ्यांतून नावं काढत होत्या आणि मी ओळीने उतरवत होतो: कोण, कुठल्या गावचा, कुठे लागला. एकही शून्य वाढवलं नाही. आमच्या औद्योगिक वसाहतीत पोरं येतात आणि महिन्यात पळतात, ही सगळ्या शेठांची रडकथा. माणसं निवडणारं आणि टिकवणारं कुणीतरी त्यांना हवंच होतं. मी कागद आमच्या शेठपुढे ठेवला. त्याने वाचला आणि हसत परत दिला.

"भोईर, तू मला खाडीतल्या मगरीची गोष्ट सांगितली, मी ऐकली. हे पण वाढवून लिहिलंस ना?"

जन्मभर रंगवलेल्या सगळ्या गोष्टी त्या एका क्षणी माझ्या अंगावर आल्या. मगर, वादळ, बिबट्याबरोबरची ती शर्यत, सगळ्या. एकदाच खरं लिहिलं आणि तेच खोटं ठरत होतं, आणि त्यात बाईंची नोकरी जात होती. दारात यादव रजिस्टर घेऊन उभा होता. तोच बोलला.

"साब, मेरे को छोड़ के यहाँ सबको मॅडमनेच लगाया है."

शेठ उठला, शेडमध्ये गेला आणि ओरडून म्हणाला, "राऊतमॅडमकडून कोण कोण आलंय? हात वर करा."

प्रेसवरचे हात वर गेले. पॅकिंगचे गेले. तपासणीच्या टेबलावरच्या पोरींचे गेले. एकही हात मशीनवर राहिला नाही आणि शेड बंद पडली. मी वाढवून सांगत नाही. हवं तर यादवला विचारा.

"खाली करा, खाली करा!" शेठ किंचाळला. "मॅडमला उद्या बोलवा. काम चालू करा!"

नोकरी लागल्याच्या पहिल्या शनिवारी बाई मला घेऊन कॉलेजात गेल्या. जिन्याखाली आता मोडकी बाकं रचलेली. शिपायाने कुलूप काढलं. फळा तसाच होता आणि कोपऱ्यात हे. रा. बाईंचा हात तिथवर पोचेना, म्हणून बाकावर चढल्या. आधी बोटाने अक्षरं चाचपली, मग डस्टर फिरवलं. बराच वेळ फिरवत होत्या.

उतरल्यावर मी हात पुढे केला. "नियम राहिला, बाई. जागा सांगा."

बाईंनी सभोवार पाहिलं. बाकं, जळमटं, फळा. वरून वर्ग सुटला आणि जिना धडधडला.

"हीच आहे की," त्या म्हणाल्या. "पगार नाही. डोक्यावर आवाज भरपूर." आणि डस्टर माझ्या हातात दिलं.

प्राचार्यांना मी म्हटलं, पोर्टल राहू दे त्याच्या जागी, मला फक्त शनिवारची किल्ली द्या. त्यांनी दिली. बाईंनी शिट्ट्यांच्या कारखान्यापासून सुरुवात करून सगळी वसाहत सांभाळली, मुलगी नर्स झालेली बघितली आणि गेल्या वर्षी गेल्या. त्यांना पोचवायला त्या दिवशी गोखिवऱ्यातली किती गेटं बंद होती, ते मी सांगत नाही. कुणी विश्वास ठेवणार नाही.

दर शनिवारी मी जिन्याखाली बसतो. फळ्यावर नावं आहेत. जाता-येता यादवला सुकेळी देतो. तो एक तोंडात टाकतो, मान हलवतो आणि म्हणतो, "मॅडमवाला स्वाद नहीं है, साब."

मी त्याला सांगतो, अरे, त्यांच्याच वाडीतली आहेत. त्यांच्या मुलीने स्वतः उलटवून सुकवलेली. तो हसतो. त्याला वाटतं, मी नेहमीसारखा सांगतोय.